पोचा पडला म्हणून गाडी बाटत नाही

गाडीला पोचा पडला की आपण आधी फोन काढतो. ‘डेंट कसा काढायचा’ एवढं शोधलं की अर्ध्या मिनिटाची रील समोर येते. उकळतं पाणी ओतलं, रबरी पंप दाबून खेचला, ‘टप्प’ असा आवाज, पोचा गायब. खाली बदामांचा पाऊस. मग आपण शोरूमला फोन लावतो. तिकडून गोड आवाज येतो, ‘सर, पॅनलच रिप्लेस करावं लागेल. टेन्शन घेऊ नका, क्लेममध्ये बसवून देऊ.’

रील सांगते, सगळं तुम्हालाच जमेल आणि तेही तीस सेकंदांत. शोरूम सांगतं, तुम्हाला काहीच जमणार नाही. दोघांचंही दुकान तुमच्या अज्ञानावर चालतं.

माझं म्हणणं सरळ आहे. जो गाडी चालवतो त्याला पोचा वाचता आला पाहिजे. कुठला पोचा घरी निघतो, कुठला मेस्त्रीकडे न्यायचा आणि कुठल्याला अजिबात हात लावायचा नाही, हे त्याचं त्याला ठरवता आलं पाहिजे. घरी निघण्यासारखा असेल तो त्यानं स्वतःच्या हातानं काढावा. हे न शिकल्यानं खिशाला भोक पडतं, ते तर आहेच. पण त्याहून वाईट गोष्टी घडतात आणि त्या रोज आपल्या रस्त्यावर दिसतात.

बाजारातला तमाशा

गडहिंग्लजसारख्या गावात गाडीला ओरखडा न पडता वर्ष काढणं म्हणजे नवल. संकेश्वरहून आजरा-आंबोलीकडे जाणारी वाहतूक गावातून जाते. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या येतात, बाजाराच्या दिवशी रस्ता निम्माच उरतो, आणि काळभैरवाच्या यात्रेत गाडी लावायला जागा मिळाली तरी ती जशी लावली तशी परत मिळेल याची खात्री नाही. कुणाच्या मोटरसायकलचं हँडल घासतं, कुणाच्या दुधाच्या कॅनची कड दाराला लागते.

आणि मग तमाशा सुरू होतो. गाडीवाला खाली उतरतो, ओरखडा बघतो, सायकलवाल्याचा किंवा दूधवाल्याचा हात धरतो. ‘बघ काय केलंस! दार बदलायला लागतंय आता. कोण देणार पैसे?’ आजूबाजूला गर्दी जमते. समोरचा माणूस वयानं बापाएवढा असतो, हात जोडतो, खिशातल्या नोटा मोजतो. पुष्कळदा तो ओरखडा वरच्या पारदर्शक थरापुरताच असतो. पाऊण तास कंपाउंड घासलं असतं तर गेला असता.

गाडीवाला प्रत्येक वेळी दुष्ट असतो असं नाही. त्याला खरोखरच माहीत नसतं. त्याला वाटतं नवं दार लागेल, कारण मागच्या वेळी त्याला तसंच सांगितलं होतं. ज्याला नुकसान मोजता येत नाही, तो ते भीतीनं मोजतो, आणि त्या भीतीची किंमत समोरच्या गरिबाकडून वसूल करतो. पोचा वाचता येणं ही म्हणूनच नुसती हौस नाही. रस्त्यावर माणसासारखं वागायला ते ज्ञान उपयोगी पडतं.

पत्र्याला सगळं आठवतं

‘पोचा’ हा शब्द गाड्यांच्या आधीचा आहे. तो तांब्या-पितळेच्या भांड्यांचा. पूर्वी कल्हईवाला दारावर यायचा, तसेच घागरीचे पोचे काढून देणारेही यायचे. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम होतं. हातोडीचे एकसारखे घाव घालून भांड्यावर बारीक खळग्यांची नक्षी उठवतात. दिसायला ती शोभा, पण त्या घावांनी पातळ पत्रा कडक आणि मजबूत होतो. आपल्या जिल्ह्यातल्या हुपरीत चांदीचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा. चांदी ठोकत गेलं की ती कडक होते, मग तापवून पुन्हा मऊ करावी लागते.

गाडीच्या दाराचं पोलाद याच नियमानं चालतं. बाहेरचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. त्यावर दाब आला की तो आधी लवचिकपणे वाकतो. दाब गेला की परत जागेवर येतो. स्टीलची पट्टी थोडी वाकवून सोडली की सरळ होते, तसंच. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की तो कायमचा वाकतो, ताणला जातो आणि वाकलेल्या रेषेवर कडक होतो. पोच्याच्या मध्यापेक्षा त्याची कड महत्त्वाची असते ती यामुळेच. कडेवरची ती कडक झालेली रेषा मधल्या भागाला जागेवर येऊ देत नाही.

आता एक ओळखीचं उदाहरण. गडहिंग्लज हे फुटबॉलवेडं गाव. एम. आर. हायस्कूलच्या मैदानाशेजारी गाडी लावली आणि चेंडू बॉनेटवर आपटला, तर पडणारा पोचा मोठा, उथळ आणि गोलसर असतो. त्याला तीक्ष्ण कड नसते. पत्रा फारसा ताणला गेलेला नसतो, नुसता आत दबून अडकलेला असतो. असा पोचा आतून हातानं दाबला किंवा बाहेरून रबरी कप लावून खेचला, तर खरंच ‘टप्प’ करून बाहेर येतो. रील बनवणारे हाच पोचा निवडतात. पण ट्रॉलीतून बाहेर आलेल्या उसाच्या टोकानं पडलेला, बोटभर लांब आणि खोल चीर असलेला पोचा दिसायला लहान असला तरी तिथला पत्रा ताणला गेलेला असतो. त्याला कप लावून दिवसभर खेचलंत तरी तो हलायचा नाही.

पोचा किती मोठा यापेक्षा त्याची कड किती तीक्ष्ण हे आधी बघा. सगळी विद्या तिथून सुरू होते.

घरी काय करता येतं

आधी गाडी धुवा. चिखल आणि धुळीखाली पोचा दिसत नाही, ओरखडा मात्र दुप्पट दिसतो. मग सावलीत ट्यूबलाइटची सरळ रेषा पत्र्यावर पडेल अशी उभी करा. रेषा जिथं वाकते तिथं पोचा. मग डोळे मिटून तळहात फिरवा, डोळ्याला न दिसणारा उंचवटा तळहाताला कळतो. शेवटी ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही, तर ओरखडा बहुधा वरच्या पारदर्शक थरात आहे. अडकलं, तर तो रंगापर्यंत किंवा त्याखाली गेलाय. आत राखाडी किंवा चकाकता पत्रा दिसला, तर वेळ दवडू नका.

कारखान्यातून आलेल्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण दहावा हिस्सा मिलिमीटर भरतात. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. नख न अडकणाऱ्या ओरखड्याला रबिंग कंपाउंड, स्वच्छ मायक्रोफायबरचं फडकं आणि धीर एवढंच लागतं. पण जोर लावून घासत राहू नका. क्लिअर कोट मुळातच पातळ असतो. तो संपला की रंग उघडा पडतो आणि वर्षभरात फिका दिसू लागतो.

गरम पाण्याची रील खोटी नाही, अपुरी आहे. बहुतेक गाड्यांचे बंपर पॉलिप्रॉपिलीन जातीच्या प्लॅस्टिकचे असतात. ते तापलं की मऊ होतं आणि मूळ आकाराकडे परत जायला बघतं. म्हणून बंपरच्या पोच्यावर कडकडीत पाणी ओतून, जाड हातमोजे घालून आतून दाबलं तर तो पुष्कळदा निघतो. लगेच गार पाणी ओतलं की आकार धरतो. बंपर तडकला असेल, क्लिपा तुटल्या असतील किंवा आत पार्किंग सेन्सर असतील तर थांबा. हेच पाणी पोलादी दारावर ओतून काही उपयोग नाही. उकळत्या पाण्यानं पोलाद मऊ होत नाही. बंपर आणि दार यांतला फरक रीलमध्ये सांगत नाहीत, कारण तो सांगायला अर्धा मिनिट पुरत नाही.

आणखी एक युक्ती फिरते. हेअर ड्रायरनं पत्रा तापवायचा आणि स्प्रेचा डबा उलटा धरून त्यावर गार वायू मारायचा. हे घरी करू नका. आपल्याकडच्या डिओच्या डब्यांत पुष्कळदा पेट घेणारा वायू असतो आणि शेजारी तापलेला ड्रायर चालू असतो. पोचा राहील तिथंच, भुवया जातील.

खोल ओरखड्याला टचअप करता येतं. आपल्या गाडीच्या रंगाचा कोड दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. ‘पांढरी’ म्हणून मागितलात तर कुठलाही पांढरा मिळेल, आणि पांढरे डझनभर आहेत. उघडा पत्रा दिसत असेल तर आधी बारीक पॉलिश पेपरनं गंज काढा, मग प्रायमर, मग रंग, पातळ थरांत, प्रत्येक थर वाळल्यावर पुढचा. दोन फुटांवरून तो ओळखू येईल. येऊ द्या. आपल्याकडचा पाऊस लक्षात घ्या. आंबोली इथून जवळ आहे, आणि त्या बाजूला पावसाळ्यात गाडी नेणाऱ्याला उघड्या पत्र्याचं काय होतं हे सांगायला नको. जूनच्या आधी झाकलेला ओरखडा कुरूप दिसला तरी चालेल. न झाकलेला ओरखडा ऑक्टोबरपर्यंत तपकिरी होऊन रंगाखाली पसरलेला असतो.

पुट्टीचं काम थोडं वरच्या इयत्तेचं, पण शिकण्यासारखं आहे. पुट्टी आणि हार्डनर यांचं प्रमाण चुकलं की सगळं चुकतं. हार्डनर शंभराला दोन भागांच्या आसपास लागतो, उन्हाळ्यात ते मिश्रण काही मिनिटांतच आवळतं. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर देऊ नका. पोचा आधी जमेल तितका बाहेर काढायचा, उरलेली उणीव पुट्टीनं भरायची. पोच्यावर सरळ पुट्टी थापली तर ती पुढच्या खड्ड्याला तडकते. वाळलेली पुट्टी कोरड्या पेपरनं घासा. ती सच्छिद्र असते, पाणी शोषते, आणि ते पाणी आत अडकलं की वरच्या रंगाला फोड येतात. रंगाचं काम दिवाळी ते होळी या दिवसांत काढा. दमट हवेत फवारलेला रंग पांढुरका पडतो.

कुठं थांबायचं

‘स्वतः करा’ म्हणणाऱ्यानं ‘इथं थांबा’ही सांगितलं पाहिजे. रीलवाले ते सांगत नाहीत, म्हणून त्यांच्यावर राग आहे.

दार उघडताना-लावताना अडत असेल, बॉनेट आणि फेंडरमधली फट एका बाजूला बोटभर आणि दुसऱ्या बाजूला केसभर दिसत असेल, तर धक्का पत्र्यापुरता नाही. आतला सांगाडा सरकलेला असू शकतो. छताला धरणारे खांब, खालची चौकट, पुढचे मजबूत दांडे हे अपघातात तुम्हाला वाचवायला बनवलेले आहेत. तिथं हातोडा चालवायचा नाही. एअरबॅगचे सेन्सर, पुढच्या जाळीमागचा रडार, काचेमागचा कॅमेरा यांच्या आसपासचं काम उपकरणं असलेल्या माणसाचंच. गाडीवर वेल्डिंग करायचं तर बॅटरी सोडवून, आणि तेही ज्याला येतं त्यानं.

स्प्रे गननं हार्डनरवाला क्लिअर कोट मारणं घरी करूच नका. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. त्यांच्या फवाऱ्यानं कायमचा दमा जडू शकतो, आणि रंगकाम करणाऱ्यांमध्ये तो व्यवसायजन्य आजार म्हणून जगभर ओळखला जातो. कापडी मास्क किंवा तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. हे वाचून तुम्हाला स्वतःची काळजी वाटली असेल. आता गावातल्या त्या पोराचा विचार करा, जो रोज शेडमध्ये तोंडाला रुमाल बांधून तुमच्या गाड्या रंगवतो. त्याच्याकडे आपण पुन्हा येऊ.

क्लेमचं गणित

‘इन्शुरन्स आहे ना, मग कशाला डोकं लावायचं?’ हे वाक्य ज्यांच्या तोंडी आहे त्यांनी वही-पेन घ्यावं.

साध्या सर्वंकष पॉलिसीत भाग बदलला की घसारा कापतात. प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर तो ५० टक्के. म्हणजे बंपर बदलला तर निम्मा खर्च तुमचाच. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: दोन ते तीन वर्षांच्या गाडीला १५ टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५, पाच वर्षांवर ४०, दहा वर्षांवर ५०. शिवाय दर क्लेमला सक्तीची वजावट, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,०००. झिरो डेप घेतलं असेल तर घसारा सुटतो, पण त्याचा वेगळा हप्ता तुम्ही आधीच भरलेला असतो.

आता नो क्लेम बोनस. एक वर्ष क्लेम नाही तर २० टक्के सूट, सलग दोन वर्षं २५, तीन वर्षं ३५, चार वर्षं ४५, पाच वर्षं ५०. ही सूट गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते. समजा तो हप्ता सुटीआधी ८,००० रुपये आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांवर पोचलाय. तुम्ही ४,००० भरता. एक बंपर क्लेममध्ये बदलला. पुढच्या वर्षी सूट शून्य, ८,००० भरा. त्यानंतर ६,४००, मग ६,०००, मग ५,२००, मग ४,४००. पाच वर्षांत जादा गेले १०,००० रुपये. मूळ हप्ता दर वर्षी थोडा घसरतो, म्हणून आकडा जरा खाली येईल. बोनस राखणारं अॅड-ऑन घेतलं असेल तर वाचाल, पण तेही फुकट मिळत नाही. आणि बंपरचा निम्मा खर्च व वजावट याच्या वेगळी.

किटलीभर पाण्यानं निघाला असता असा पोचा इतका महाग पडू शकतो. विमा मोठ्या आपत्तीसाठी असतो. दाराच्या ओरखड्यासाठी तो वापरणं म्हणजे सर्दीसाठी ऑपरेशन करून घेणं. दुरुस्तीपेक्षा बदलणं सोपं, बिल मोठं, हात कमी लागतात. ‘रिप्लेस’ हा शब्द काउंटरवर इतक्या लवकर का येतो, ते इथं कळतं.

कुलूप कुणी लावलं

दुरुस्ती आपल्या हातून गेली ती नुसती आपल्या आळसामुळं नाही. २०११ साली शमशेर कटारिया यांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. मुद्दा असा, की गाडी बनवणाऱ्या कंपन्या अस्सल सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि तपासणीची उपकरणं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, त्यामुळं ग्राहकाला शोरूमशिवाय पर्याय उरत नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगानं १४ कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपये दंड ठोठावला आणि सुटे भाग व माहिती खुली करायला सांगितलं. देशातल्या बहुतेक मोठ्या गाडी कंपन्या त्या यादीत होत्या. आपले भाग हे आपलं बौद्धिक धन आहे, हा बचाव आयोगानं मानला नाही. प्रकरण पुढं अपिलांत आणि न्यायालयांत गेलं, पण गावोगावच्या गॅरेजवाल्याला जे कळत होतं ते सरकारी कागदावर आलं.

२०२२च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय ग्राहक दिनी त्याचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं त्यात आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. युरोपीय संघानं २०२४ साली डिझाइन कायद्यात दुरुस्तीचं कलम आणलं. गाडीला मूळ रूप परत देण्यासाठी बॉनेट, बंपरसारखे दिसणारे भाग दुसऱ्या कुणी बनवले तर त्यावर मूळ कंपनीला डिझाइनचा हक्क सांगून ते अडवता येऊ नयेत, हा त्याचा गाभा. तिथं पोच्याचा प्रश्न थेट कायद्यात शिरला. आपल्याकडे तो अजून व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘कुठलं शोरूम चांगलं रे?’ एवढ्यावर अडलाय.

हक्क मागायचा तर मागणारा लागतो. ज्यानं आयुष्यात बंपरची एक क्लिप काढून बघितली नाही, तो क्लिप सुटी का मिळत नाही असं कधी विचारणार?

मेस्त्रीच्या कामाची किंमत

आता नेहमीचा आक्षेप. ‘सगळे स्वतःच करायला लागले तर डेंटिंग-पेंटिंगवाल्यांनी काय खायचं?’ प्रश्न प्रामाणिक असेल तर उत्तर असं, की त्यांचा घास घरी कंपाउंड घासणाऱ्यानं पळवला नाही. तो ‘पॅनल बदला’ म्हणणाऱ्या व्यवस्थेनं पळवला. पत्रा सरळ करणाऱ्या हाताची गरजच उरू नये अशी ती व्यवस्था आहे. ज्यानं रविवारची दुपार एका पोच्यावर घालवली आणि शेवटी अर्धाच निघाला, तो सोमवारी मेस्त्रीकडे वेगळ्या नजरेनं जातो. त्याला कळलेलं असतं की एका हातात हातोडी आणि पत्र्यामागं दुसऱ्या हातात डॉली धरून, ताणलेला पत्रा परत आवळत, कडेकडून मध्याकडं येणं हे काय काम आहे. तो ‘दोन ठोके तर मारायचेत, एवढे कशाला’ असं म्हणत नाही.

घासाघीस कोण करतं बघा. आयफोनच्या किमतीत आपण एक रुपया कमी करून मागत नाही. शोरूमच्या बिलावर सही करताना मान खाली असते. आणि पत्र्याच्या शेडमध्ये, रंगानं माखलेल्या माणसासमोर मात्र आपल्याला अचानक भाव कळायला लागतो. हे नुसतं पैशाचं गणित नाही. हातानं काम करणारा तो खालचा, स्वच्छ काउंटरमागं बसणारा तो वरचा, ही जुनी उतरंड आहे. हात काळे होणं म्हणजे कमी होणं, हे आपल्याला न शिकवताही शिकवलं गेलंय. पोचा पडलेली गाडी लग्नाला न्यायला लाज वाटते तीही त्याच घरातली. जणू गाडी बाटली.

कोल्हापूरकरांनी तरी ही लाज बाळगू नये. शिवाजी उद्यमनगर उभं राहिलं ते दुरुस्तीतून. परदेशी ऑइल इंजिनं बिघडली की ती उघडून बघणारी, सुटा भाग मिळत नाही म्हणून तोच ओतून बनवणारी, आणि तसं करता करता अख्खं इंजिनच बनवायला शिकलेली माणसं तिथं होती. आज जिल्ह्यातल्या फाउंड्र्यांचं जे नाव आहे, त्याच्या मुळाशी ‘उघडून बघूया’ ही वृत्ती आहे. ‘जगात भारी’ असं गाडीच्या काचेवर चिकटवणाऱ्यानं निदान बॉनेटची दांडी कुठं लावायची एवढं तरी माहीत करून घ्यावं.

दुसरा आक्षेप: ‘वेळ कुठं आहे?’ ओरखडा घासायला पाऊण तास लागतो. शोरूमला जाऊन गाडी टाकणं, सर्व्हेअरची वाट बघणं, परत आणायला जाणं यात किती दिवस जातात, ते ज्यानं केलंय त्याला विचारा. आणि गडहिंग्लजच्या माणसाला मोठ्या शोरूमसाठी कोल्हापूर किंवा बेळगाव गाठायचं असेल तर तो दिवस वेगळा.

तिसरा: ‘विकताना भाव पडेल.’ जुनी गाडी घेणारा जाणकार रंगाच्या थराची जाडी मोजणारं यंत्र घेऊन येतो. बदललेलं, पुन्हा रंगवलेलं पॅनल त्याला लगेच कळतं आणि तो विचारतो, अपघात झाला होता का? मूळ रंगातला छोटा पोचा त्याला पुष्कळदा कमी खटकतो. म्हणून तर रंगाला धक्का न लावता, आतून सळयांनी दाबून पोचा काढण्याची कला जगभर वेगळा व्यवसाय म्हणून चालते. आपल्या भागातल्या पोरांनी शिकावी अशी ती विद्या आहे. पाटी बदला, ‘पेंट न करता डेंट काढून मिळेल’ असं लिहा, आणि दाम मागा.

आणि ग्राहक म्हणून आपलं काम? मेस्त्रीच्या शेडमध्ये गाडी टाकताना विचारा: पत्रा सरळ होतोय की पुट्टी थापणार? रंगवणाऱ्या पोराला योग्य फिल्टरचा मास्क आहे का? त्या मास्कचे पैसे बिलात लावले तर देऊ, असं आधीच सांगा. शोरूमच्या बिलात ‘कन्झ्युमेबल्स’ म्हणून लावलेली रक्कम आपण एक शब्द न बोलता भरतो. मग पोराच्या फुप्फुसाचा खर्च भरताना कसली घासाघीस?

म्हणून पुढच्या वेळी पोचा पडला की लगेच फोन करू नका. ज्याच्याकडून लागलं त्याचा हात सोडा. गाडी घरी आणा, धुवा, ट्यूबखाली उभी करा, कडेवर बोट फिरवा, नख लावून बघा. तुमच्यानं होण्यासारखं असेल ते करा, आणि ते थोडं वाकडं झालं तर लपवू नका. तुमच्यापलीकडचं असेल ते गावातल्या मेस्त्रीकडं न्या, शेजारी उभं राहून बघा, आणि तो सांगेल तेवढे पैसे पुरते द्या.